रसायनशास्त्राचा ताळेबंद

बारावी सायन्स पास झाल्यावर आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. पण पुढे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा निकाल लागतो, तेव्हा पुष्कळदा त्याच घरात कोणी कोणाशी बोलत नाही. वारणानगर भागातील अशा मुलांचे फी-सवलतीचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही बरीच वर्षे भरून देतो. कोठे अडले असे विचारले, की रसायनशास्त्राचे नाव हमखास निघते.

मुले बुद्धीने कमी आहेत काय? मुळीच नाही. दहावीपर्यंत मराठीतून 'संयुजा', 'आम्लारी', 'क्षपण' शिकलेले मूल अकरावीत 'व्हॅलन्सी', 'बेस', 'रिडक्शन' ऐकते. गोष्ट तीच, फक्त नाव बदललेले. पण हे कोणी सांगत नाही आणि आपल्याला काहीच येत नाही असे मूल धरून चालते. ही गाठ कॉलेज सुरू होण्याआधीच सुटली पाहिजे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांसाठी 'केमप्रेप' नावाचा ऑनलाइन पूर्वतयारी अभ्यासक्रम काढला. तो ऐच्छिक होता. मुलांनी घरी बसून, आपल्या सवडीने तो करायचा. तो केलेल्यांची पुढची प्रगती चांगली झाल्याचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे २०१७ पासून केंद्र सरकारचे 'स्वयम्' आहे. पण आपल्या मुलांसाठी असा अभ्यासक्रम आखायचा तर तो आपल्या घरातून सुरू व्हावा, असे आमचे मत आहे.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. रसायन आमचा विषय नव्हे. तरीही शेजारच्या एका मुलीला आम्ही विचारले, "४ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन यांचे पाणी किती होईल?" ती म्हणाली, "३६ ग्रॅम, काका." मग स्वतःच हसून म्हणाली, "म्हणजे हा तुमचा ताळेबंदच की!" समीकरण संतुलित करायचे म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज जुळवायची. जमाखर्च समजणाऱ्या घरात हे का समजू नये?

दुसरी भीती 'मोल'ची. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे सुमारे ६०२२ या आकड्यापुढे २० शून्ये, एवढे कण. इतके कण मोजायचे कसे? मोजायचेच नाहीत, तोलायचे. चिल्लरीची पिशवी एकेक नाणे न मोजता तोलून हिशेब काढावा, तसेच हे. १८ ग्रॅम पाणी, साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर, हा प्रत्येकी एक मोल. स्वयंपाकघरातल्या तीन डब्यांवर हा धडा होतो.

आम्ल आणि आम्लारी यांचा धडा तर साखर कारखान्यातच आहे. उसाचा रस आम्लधर्मी असतो. त्यात चुना घालतात, गंधक जाळून निघालेला वायू सोडतात, गाळ खाली बसतो आणि रस निवळतो. ज्या मुलाचा बाप कारखान्यात राबतो, त्याला ही माहिती घरीच मिळेल. बापालाही वाटेल, आपल्या कामात शास्त्र आहे.

आता प्रश्न साधनांचा. वारणेचा अनुभव येथे उपयोगी आहे. १९९८ साली या परिसरातील ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. उसाचा हिशेब शेतकऱ्याला गावातच कळावा म्हणून गावोगावी संगणक बसवले. पुढे सात गावांत आठ महिने तोच हिशेब साध्या मोबाइलवर एसएमएसने देऊन पाहिला. तो स्वस्त पडला, सोयीचा ठरला आणि शेतकऱ्यांना जास्त आवडला. जे माणसाच्या हातात आधीच आहे, त्यावर योजना बेतावी, हा त्याचा धडा.

आपल्या घरात पुष्कळदा एकच चांगला फोन असतो, तोही वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परततो. म्हणून पाठ दहा मिनिटांचा असावा, एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालावा. ठरावीक वेळेची सक्ती नसावी. प्रत्येक पाठामागे दहा गणिते असावीत. उत्तर चुकले तर नुसती फुली नको, चूक कोठे झाली ते मराठीत सांगावे आणि शेजारी इंग्रजी शब्द द्यावा, कारण परीक्षा त्याच शब्दांत द्यायची आहे.

एवढे करूनही एकटे मूल अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडते. त्यासाठी माणूस लागतो. दर रविवारी दोन तास समाजमंदिरात बसून अडलेले सांगणारा कोणीतरी हवा.

सायन्स शिकलेल्या आपल्या तरुण-तरुणींना आमची विनंती आहे. अभ्यासक्रम तयार व्हायला वेळ लागेल, पैसाही लागेल. तोपर्यंत शंभर शब्दांची एक वही करा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. यंदा आपल्या वस्तीतून पहिल्या वर्षाला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती ती कॉलेज सुरू होण्यापूर्वी पडू द्या.