किरकोळ रजा

बाल्टिमोरला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. १९९५ चा उन्हाळा. ऑफिसात जो तो कॅल रिपकनबद्दल बोलायचा. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच समजलं, की हा माणूस ३० मे १९८२ पासून एकाही सामन्याला गैरहजर नाही! आणि हे सामने मोसमात जवळजवळ रोज असतात.

त्याची जागा शॉर्टस्टॉपची. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा. तिथे चेंडू सरपटत, वेडेवाकडे उसळत येतात, म्हणून चणीने लहान, चपळ खेळाडू ठेवायची रीत. हा सहा फूट चार इंच. पण आपला गोलंदाज काय टाकणार, समोरचा कुठे मारणार हे ओळखून तो आधीच तिथे उभा असायचा. १९९० मध्ये १६१ सामन्यांत त्याच्या हातून फक्त ३ चुका झाल्या.

६ सप्टेंबर १९९५ ला त्याने लू गेरिगचा सलग २१३० सामन्यांचा विक्रम मोडला. खेळ वीसेक मिनिटं थांबला. तो लोकांशी हात मिळवत मैदानाला फेरी मारत होता, आणि टीव्हीसमोर मला आमचे अण्णा आठवत होते.

अण्णा शाळामास्तर. किरकोळ रजा दरवर्षी तशाच फुकट जायच्या, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! आईचं ऑपरेशन झालं त्या दिवशीही मस्टरवर सही करून, सगळे तास घेऊन संध्याकाळी दवाखान्यात आले. आई काही बोलली नाही. मी बारा वर्षांचा होतो, बाहेरच्या बाकड्यावर मावशीजवळ बसलेलो. ते बाकडं अजून आठवतं.

१९८८ मध्ये कॅलचे वडीलच त्याच्या संघाचे मॅनेजर होते. पहिले सहा सामने हरल्यावर त्यांना काढून टाकलं. पोरगा पुढच्या सामन्याला हजर! (संघ त्यानंतर आणखी पंधरा हरला.) हे वाचून कौतुक करावं की रागवावं, मला कळेना.

असो. २० सप्टेंबर १९९८, रविवार. सामना सुरू व्हायच्या थोडं आधी कॅलने मॅनेजरला जाऊन सांगितलं, आज मी बसतो. दुखापत नाही, काही नाही. आकडा २६३२ वर थांबला. समोरचे यँकीज खेळाडू डगआउटच्या पायऱ्यांवर येऊन टाळ्या वाजवायला लागले. मला तर हा दिवस आधीच्यापेक्षा मोठा वाटला.

शनिवारी रात्री घरी फोन केला. तेव्हा मिनिटाचे पैसे मोजून बोलायचो, तरी अण्णांना हे सगळं सांगितलं.

"कोणी बसवलं त्याला?"

"कोणी नाही. स्वतःच बसला."

"त्याच्या जागी?"

"एक नवीन मुलगा होता."

"मग खेळ झाला का नीट?"

"झाला की."

अण्णा बराच वेळ गप्प. मिनिटं पळत होती. मग "बरं, आईशी बोल" म्हणून फोन दिला.

पुढच्या फोनवर आई सांगत होती, "अरे, मंगळवारी हे शाळेत गेलेच नाहीत. मी घाबरून कपाळाला हात लावून पाहिला. तर म्हणाले, ताप नाही गं, चहा टाक दोघांना."