भुयाराचं खातं

दुसऱ्या शतकात पॉसानियस नावाच्या ग्रीकाने गावोगाव हिंडून देवळं, पुतळे नि तिथल्या दंतकथा दहा खंडांत लिहून ठेवल्या. ऐकलेलं सांगायचं, पण सगळंच खरं मानायचं नाही, हा त्याचा बाणा.

मी बँकेतला कारकून. व्हाउचरशिवाय पैसा हलू देत नाही. पण पाहुण्यांना रत्नदुर्गावर नेलं, की तिथलं भुयार दर खेपेला फर्लांगभर लांबवतो! ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली रत्नागिरीत आला नि १९१६ साली इथंच वारला, हे तारखांसकट सांगितलं तर मंडळी जांभया देतात.

परवा धाकटीने विचारलं, "बाबा, भुयाराचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आजोबांनी."

"आणि त्यांना?"

मी गप्प. वडील गेले, आता व्हाउचर कुठून आणू? तरी ते खातं बंद करवत नाही.