गाठोड्यावरचे नाव

एखादी वस्तू तयार करणे निराळे आणि ती दुसऱ्याच्या हाती देण्याजोगी करणे निराळे. घरी घातलेले लोणचे घरच्याच फडताळात असते तोपर्यंत त्यात काय पडले आहे, ते केव्हा घातले, हे लिहून ठेवण्याचे कारण पडत नाही. ज्यांनी ते घातले त्या घरातच वावरत असतात. परंतु तीच बरणी परगावी धाडावयाची झाली म्हणजे तोंडाला फडके बांधावे लागते, वर चिठ्ठी डकवावी लागते आणि चिठ्ठीवर नाव घालावे लागते. नाव घातले की जबाबदारी आली. संगणकासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमची गोष्ट याहून वेगळी नाही, हे गेल्या दोन वर्षांत मला प्रत्यक्ष अनुभवावयास मिळाले. त्यातून जो विचार सुचला तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ज्यांस या विषयाचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असा संकल्प सोडला की, संगणक चालविणारी सर्व सामग्री कोणासही वापरता, तपासता, सुधारता आणि वाटता यावी. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स नावाचा गाभा लिहिला, आणि या दोहोंच्या संयोगाने एक संपूर्ण प्रणाली उभी राहिली. पण सुटे साहित्य पुष्कळ असले तरी ते निवडून, पाखडून, एकमेकांशी जुळवून देणारे कोणीतरी हवे असते. हे काम करणाऱ्या संस्थांपैकी डेबियन ही एक जुनी संस्था होय. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली ती सुरू केली. डेब्रा (ज्या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या) आणि इयन या दोन नावांच्या संधीने 'डेबियन' हे नाव सिद्ध झाले आहे. तिच्या भांडारात आज साठ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. पॅकेज म्हणजे नीट बांधलेले, वर चिठ्ठी डकविलेले गाठोडे.

माझा या गाठोड्यांशी संबंध आला तो संस्कृतामुळे. शाळेत शिकविताना शब्दरूपे व धातुरूपे विचारण्याची एक पद्धत मी बसविली होती. ती वह्यांतून साठत गेली होती. माझ्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव संगणकशास्त्र शिकत असता त्यांनी त्या वह्यांवरून एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. तो विभक्ती विचारतो, उत्तर तपासतो आणि चुकलेले रूप फिरून विचारतो. त्यांच्या संगणकावर तो उत्तम चाले. माझ्याकडील यंत्रावर मात्र तो उघडेचना! खिडक्या आणि बटणे काढणारे जीटीके नावाचे साहित्य त्यास लागत होते. ते त्यांच्याकडे पूर्वीच होते आणि माझ्याकडे नव्हते. तेव्हा ते म्हणाले, "काका, नुसता पाठवून भागणार नाही. हा बांधून पाठवावा लागेल."

बांधणे म्हणजे काय, हे मी त्यांच्याशेजारी बसून पाहिले. प्रोग्रॅमच्या शेजारी 'डेबियन' याच नावाचा एक कप्पा करावयाचा आणि त्यात काही फाइली लिहावयाच्या. 'कंट्रोल' नावाच्या फाइलीत पॅकेजचे नाव, त्याचे वर्णन, त्यास काय काय लागते आणि सांभाळणारा कोण, ही माहिती. 'रूल्स' फाइलीत बांधण्याची कृती. 'कॉपीराइट' फाइलीत कोणता भाग कोणाच्या मालकीचा आणि तो कोणत्या अटींवर वाटावयाचा, याचा खुलासा. या शेवटच्या फाइलीसाठी माझ्या वह्यांतील वाक्ये आम्ही एकेक करून पाहिली. सुबन्त-तिङन्त रूपे ही कोणाची खासगी मिळकत नव्हे. परंतु छापील पाठ्यपुस्तकांतून घेतलेली उदाहरणे आम्ही बाजूस ठेवली आणि त्यांच्या जागी मी नवी रचून दिली. 'चेंजलॉग' नावाच्या फाइलीत प्रत्येक फेरफाराची नोंद होते, आणि प्रत्येक नोंदीखाली करणाऱ्याचे नाव व तारीख-वेळ घालावीच लागते. जुन्या पोथीच्या अखेरीस लेखक आपले नाव, गाव आणि शक लिहून ठेवी, त्याची मला आठवण झाली.

आवृत्तीचा अंकही अर्थपूर्ण असतो. '१.०-१' असा अंक असेल तर रेघेच्या डावीकडचा भाग मूळ प्रोग्रॅमचा आणि उजवीकडचा बांधणाऱ्याचा. मूळ मजकूर तोच राहून केवळ बांधणी सुधारली तर उजवीकडचा आकडा वाढतो. ग्रंथकाराचे श्रेय आणि टीकाकाराचे श्रेय यांची अशी स्वच्छ वाटणी आमच्या कित्येक छापील ग्रंथांतही आढळत नाही. सर्व सिद्ध झाल्यावर 'लिंटियन' नावाचा परीक्षक गाठोडे तपासतो. माझ्या जन्मभराच्या वह्या तपासण्याच्या सवयीस हा गृहस्थ फारच आवडला. आमच्या प्रोग्रॅमसोबत माहितीपत्रक नाही, अशी त्याने हरकत घेतली. म्हणून ते मी मराठीत लिहिले.

आता या गाठोड्यांचा आपापसांतील संसार पाहण्यासारखा आहे. एकास दुसऱ्यावाचून चालतच नसेल तर तसे लिहावे लागते. एखादे असल्यास बरे एवढेच असेल तर ते निराळे लिहावे लागते. आणि दोघे एका घरी नांदूच शकत नसतील तर तेही आधीच सांगावे लागते. आमच्या प्रोग्रॅमास देवनागरी टंक हवा म्हणून आम्ही लोहित नावाच्या टंकाचे पॅकेज 'लागते' या सदरात घातले. (रेड हॅट या कंपनीने तो उपलब्ध करून दिला, आणि लोहित म्हणजे तांबडा!) जोडाक्षरे नीट जुळवून दाखविण्याचे काम हार्फबझ नावाचे साहित्य करते. त्याची एकच प्रत यंत्रावर असते व अनेक प्रोग्रॅम तिचाच उपयोग करतात. तीत एखादी सुधारणा झाली की त्या सर्वांस ती एकदम मिळते. ही एकत्र कुटुंबाची एक चूल झाली. याउलट फ्लॅटपॅक व स्नॅप या नव्या पद्धतींत पुष्कळसे साहित्य प्रत्येकजण आपल्याबरोबरच बाळगतो. त्यात सोय आहे, तंटे कमी आहेत. पण दोष निघाला तर तो दर चुलीवर जाऊन निवारावा लागतो. दोन्ही पद्धतींचे गुण आमच्या वाचकांस मी नव्याने सांगावयास नको.

परंतु खरी गोष्ट याच्या पुढे आहे. पॅकेज बसविताना संगणक त्यास सर्वाधिकार देतो. गाठोड्यात काही सूचना अशा असू शकतात की, त्या उघडण्याच्या वेळी यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने चालतात. म्हणजे परक्याचे पॅकेज घेणे म्हणजे त्याच्या हाती क्षणभर कमरेचा किल्ल्यांचा जुडगा देणे होय. म्हणून बांधणाऱ्याचा हेतू शुद्ध असला एवढ्याने भागत नाही. २००६ साली डेबियनमध्ये ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या साहित्याची बांधणी करणाऱ्याने, तपासणीचे एक साधन तक्रार करते म्हणून, मूळ मजकुरातील थोडा भाग गाळला. त्याने मूळ कर्त्यांच्या मंडळीत विचारपूसही केली होती. तरी त्या लहानशा गाळण्याने असे झाले की, ज्या गुप्त किल्ल्या अगणित असावयाच्या त्या दर प्रकारात जेमतेम ३२,७६८ उरल्या. आणि हे २००८ च्या मे महिन्यापर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. त्या यंत्रांवर तयार झालेल्या किल्ल्या मग बदलाव्या लागल्या. दुसऱ्याच्या ग्रंथातील एक ओळ गाळताना हात का थरथरावा, हे यावरून कळते.

यावर उपाय योजिलेले आहेत, आणि ते पाहून मला वेदपठणाच्या परंपरेचे स्मरण झाले. संहितेतील एक अक्षरही ढळू नये म्हणून आमच्या पूर्वजांनी पद, क्रम, जटा, घन असे पाठ बसविले. तीच पदे पुढून मागून, जोड्या करून म्हटल्यामुळे चूक शिरली तर ती लगेच उघडी पडते. येथेही प्रत्येक गाठोड्याची गणिताने काढलेली चौसष्ट चिन्हांची एक खूण असते. आत एक अक्षर बदलले तरी सबंध खूण बदलते. या खुणांच्या याद्या असतात, त्या याद्यांच्याही खुणा एका मुख्य पत्रात असतात, आणि त्या पत्रावर संस्थेची गुप्त किल्लीने केलेली सही असते. शिवाय त्याच मजकुरावरून कोणीही, कोठेही बांधले तरी अक्षरशः तेच गाठोडे निघावे, असा प्रयत्न डेबियनमध्ये २०१३ पासून चालू आहे. वाराणसीचा आणि नाशिकचा घनपाठी एकच पाठ म्हणतात, तसाच हा प्रकार.

वाटण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला घरगुती : आपणच एक लहानसे भांडार उभारावे, यादीवर आपली सही करावी, आणि ज्यांचा आपणावर विश्वास आहे त्यांनी आपली किल्ली आपल्या यंत्रावर नोंदवावी. मग नवी आवृत्ती त्यांच्याकडे इतर गाठोड्यांबरोबरच जाते. आम्ही हाच मार्ग धरला. घरचे, नात्यातले आणि काही जुने विद्यार्थी एवढ्यांपुरते ते पुरेसे आहे. दुसरा मार्ग डेबियनच्याच भांडारात प्रवेश मिळविण्याचा. तेथे आधी 'मी हे बांधू इच्छितो' असे जाहीर करावे लागते, एखाद्या मान्य सभासदाने तपासून ते पुढे करावे लागते, आणि मालकीहक्काची तपासणी होईपर्यंत दाराशी थांबावे लागते. सभासद होऊ इच्छिणाऱ्यास जात-गोत्र कोणी विचारत नाही. पण त्याची किल्ली जुन्या सभासदांनी साक्षांकित केलेली असावी लागते आणि त्याचे काम दिसावे लागते.

आणि या संस्थेतील ज्या व्यवस्थेने मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले ती अशी : सांभाळणारा थकला, कंटाळला किंवा निवर्तला, तर त्याच्या पॅकेजास तेथे 'अनाथ' म्हणतात, तशी नोंद करतात, आणि ते 'दत्तक' कोणी घ्यावे म्हणून प्रगट आवाहन होते. कोणी घेईपर्यंत एक मंडळ त्याची वास्तपुस्त करते. आमच्या जुन्या धर्मशास्त्रात दत्तक द्यावयाचा अधिकार मातापितरांचाच असल्यामुळे अनाथ मूल सामान्यतः दत्तक जाऊ शकत नसे. येथे अनाथासच प्रथम आसरा आहे. स्वतः मर्डॉक २०१५ साली वारले. त्यांनी मांडलेला संसार चालूच आहे.

पण दत्तकातही जोखीम आहे. एक्सझेड नावाचे, फाइली दाबून लहान करणारे साहित्य बहुतांशी एकच गृहस्थ वर्षानुवर्षे विनामूल्य सांभाळीत होते. २०२१ पासून जिया टॅन या नावाने कोणीतरी त्यांस मदत करू लागले; दरम्यान काही अनोळखी मंडळी काम लवकर होत नाही म्हणून त्या थकलेल्या माणसास बोल लावीत होती. होता होता कारभार त्या मदतनिसाकडे आला. आणि २०२४ साली निघालेल्या दोन आवृत्त्यांत चोरवाट दडविलेली निघाली. प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात असा एक भाग होता की, जो सर्वांदेखत ठेवलेल्या मूळ मजकुरात नव्हताच! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, अशी शंका आली. तिचा माग काढता काढता २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हे उघडकीस आणले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ती चोरवाट पोहोचली नव्हती, हे सुदैव. यात मला त्या लबाड मदतनिसापेक्षा त्या एकट्या पडलेल्या सांभाळणाऱ्याचे चित्र अधिक बोचते. सर्वांनी त्याच्या विहिरीचे पाणी भरले. विहीर उपसावयास मात्र कोणी आले नाही.

ही हकीगत वाचल्यावर आमच्या लहानशा पॅकेजाकडेही मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. सांभाळणारा म्हणून त्यावर माझे नाव आहे आणि मी साठी उलटलेला माणूस. सहाय्यक म्हणून पुतण्याचे नाव घालावे, असे मी सुचविले. ते चटकन हो म्हणतील अशी माझी अपेक्षा होती, पण ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, "काका, नाव घालायला एक मिनिट लागेल. पण मला नोकरीतून वेळ झाला नाही, तर ते नाव खोटे ठरेल. नुसते आदराखातर मी नाव घालणार नाही." मला क्षणभर वाईट वाटले हे खरे, परंतु त्यांचे म्हणणे तोलून पाहता, हेच उत्तर देणाऱ्याच्या हाती वस्तू सोपवावी, अशी माझी खात्री झाली. अखेर असे ठरले की, दर दिवाळीच्या सुटीत दोघांनी एकत्र बसून पॅकेज नव्याने बांधून पाहावे. डेबियनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. तीवर ते चालते की नाही हेही पाहावे. अशा दोन दिवाळ्या निभावल्या तरच त्यांचे नाव घालावे. त्यांपैकी एक दिवाळी पार पडली आहे.

आज घरोघरी मुले-मुली लहानमोठे प्रोग्रॅम लिहितात. वडील मंडळी कौतुक करतात आणि तेथेच थांबतात. माझी विनंती एवढीच की, कौतुकाबरोबर तीन प्रश्न विचारावेत : यास काय काय लागते? यातले कोणाचे काय घेतले आहे? आणि तुझ्यामागे हे कोण पाहील? पहिल्या दोहोंची उत्तरे फाइलीत लिहिता येतात. तिसऱ्याचे उत्तर फाइलीत मावत नाही. ते माणसे जोडूनच मिळवावे लागते, आणि आपण चांगले हिंडते-फिरते असतानाच मिळवावे लागते.