अण्णांचं देणं

डिप्लोमाला नापास होऊन घरी बसलो होतो, तेव्हा मामांच्या ओळखीनं पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं वाचायला लागलो. साल 1984. मराठी आपली मातृभाषा, त्यात तपासायचं ते काय, अशी माझी समजूत होती. अण्णांनी ती पहिल्याच आठवड्यात उतरवली, तीही एक शब्द न बोलता. मी तपासलेल्या प्रुफावर सुटलेल्या चुकांना त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल केले आणि कागद परत माझ्या टेबलावर ठेवला. अण्णा कंपोझिटर, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे. कंपोझिटरनं प्रूफरीडरच्या चुका काढाव्यात असा रिवाज नव्हता. मला रागच आला. पण दुसरीकडे कुठे नोकरी मिळत नव्हती, म्हणून मुकाट्यानं शिकायला लागलो.

त्यांचं काम बघत बसावं असं होतं. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक, उजवा हात केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांवर, नजर हस्तलिखितावर. खणाकडे ती वळतच नसे. जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या धरून देवनागरीला इतके खिळे लागतात, की ते कमी करण्याची खटपट खुद्द लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी केली होती. अण्णांच्या बोटांना तो सगळा पसारा पाठ होता. जेवायच्या सुट्टीत कोपरापर्यंत हात धुऊन ते गुळाचा खडा तोंडात टाकत, शिसं बाधू नये म्हणून. गुळापेक्षा हात धुतल्याचाच उपयोग जास्त होत असावा.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा ते उमेदवारी करत होते. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, त्यात त्यांचा तेव्हाचा छापखानाही बुडाला. केसेस पालथ्या, लहानमोठे सगळे खिळे चिखलात एक झालेले. घमेल्यानं गाळ उपसायचा, खिळे आधी पाण्यानं आणि मग रॉकेलनं धुवायचे, एकेक उचलून, ओळखून आपापल्या खणात टाकायचा. पगाराचं नाव नाही, मालकच धुऊन निघाला होता. “तिथंच माझी केस पाठ झाली,” एवढंच अण्णा त्यावर सांगत. पुढच्याच वर्षी शुद्धलेखनाचे नवे नियम आले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि बोटांना नुकतीच लागलेली सवय मोडणं आलं. हे मी निवांत वेळी चहा पिता पिता ऐकलं आणि विसरलोही. तेव्हा मला त्याची गरज नव्हती.

नव्वदीच्या सुरुवातीला खिळ्यांचे दिवस भरले. देवनागरी पडद्यावर आणण्याचं बरंच काम पुण्यातच चाललं होतं. सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था 1988 मध्ये आमच्याच गावात सुरू झाली. आमच्या गल्लीत मात्र ती बातमी पोचली ती कंपोझिंग बंद होत असल्याच्या नोटिशीतून. खिळे वजनावर भंगारात गेले. कंपोझिटरांपैकी कुणी सोसायटीत रखवालदार झालं, कुणी गावाकडे परतलं. अण्णांनी पन्नाशी ओलांडलेली. मालकाच्या मुलानं डीटीपी सुरू केलं होतं, त्याच्याकडे त्यांनी रात्री मशीनवर बसू देण्याची परवानगी मागितली. मशीन रोज मोकळं मिळेना, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर पेनानं कीबोर्ड आखला आणि घरी त्यावर बोटं फिरवायला बसले.

खरी अडचण पहिल्या वेलांटीची होती. खिळ्यांत ती आधी लावायची, अक्षर नंतर. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या पद्धतीत अक्षर आधी दाबायचं, वेलांटी मागून. पडद्यावर ती आपोआप अलीकडे जाऊन बसते. ‘किती’ लिहिताना त्यांचा हात हटकून अडे. “बोलतो तसं लिहायचं, सोपं आहे की!” असं स्वतःशी म्हणत ते पुन्हा चुकत. शिकवणारा पोरगा विशीतला. अण्णा त्याला ‘गुरुजी’ म्हणत, त्यात खोच नसे. आम्ही काही जण मागे हसत होतो, मीही त्यांत होतो. ऑपरेटर म्हणून अण्णा कधीच वेगवान झाले नाहीत आणि पगारही आधीपेक्षा कमीच मिळाला. पण ओळ कुठे तोडावी, दोन शब्दांत किती जागा सोडावी, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. दिवाळी अंकांचं काम हळूहळू त्यांच्याकडेच येऊ लागलं.

मी मधल्या काळात एका साप्ताहिकात उपसंपादक झालो होतो. ते बंद पडलं तेव्हा चाळिशी उलटली होती, घराचे हप्ते चालू होते. बाहेर पडणं सोडलं. कुणी भेटायला आलं तरी झोपलोय म्हणून सांगायला लावायचो. अण्णांना हे चाललं नाही. दुपारी आले, बायकोनं केलेला चहा घेतला आणि पिशवीतून प्रुफांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. “हे परवापर्यंत हवंय.” धीराचं बोलणं नाही, चौकशी नाही. दर ऐकून मला कमीपणा वाटला, तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “मजकूर वाईट नाही रे.” आणि गेले.

त्या गठ्ठ्यापासून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. प्रुफं, मग संपादन, मग भाषांतरं. युनिकोड आल्यावर जुन्या फॉन्टमधल्या माझ्या फायली उघडल्या की नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसत. टाइपरायटरच्या पद्धतीवर बसलेला माझा हात मोडून इन्स्क्रिप्ट शिकावं लागलं. शिकवायला अण्णाच आले. माझीही पहिली वेलांटी अडली. ते हसले नाहीत.

अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली. आपलं नाव कुठे छापायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती, म्हणून इथेही दिलेलं नाही. माझा आजचा चरितार्थ त्यांनी शिकवलेल्या कामावर चालतो. त्यांच्या पिढीतले काही कंपोझिटर पुण्यातल्या पेठांत अजून आहेत. कुणाची गाठ पडली, तर त्यांना बोलतं करा आणि जमलं तर ते लिहूनही ठेवा.