शिक्का आणि सांगोवांगी

जुन्या पोथीची चिकित्सा करणाऱ्याला जुन्या शस्त्राचीही करता येत असावी, असा आमच्या एका स्नेह्यांचा भाबडा समज आहे. त्यापायी २०२० च्या दिवाळीनंतर आम्ही कुसगावला त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. आदल्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली होती. परवानाधारकाने तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवावीत, उरलेले वर्षभरात जमा करावे, असे ठरले होते. घरात तीन होती. शेताच्या राखणीची बारा बोरची दुनळी, कानपूरचे .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि वारशाने आलेले वेब्ली. मुलाचे म्हणणे, जुने लोखंड द्यावे. काका एवढेच म्हणाले, "ते कुटहून आलंय. पणजोबांनी आणलंय."

कुटच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, हे खरे. २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज शरण गेली, हेही खरे. पण शरण गेलेला सैनिक हत्यार घेऊन घरी कसा येईल, हा प्रश्न त्या घरात चार पिढ्या कुणी विचारला नसावा. आम्हीही तो लगेच विचारला नाही.

वेब्ली मार्क सहा १९१५ पासून लष्करात आले आणि लाखांनी घडले. म्हणजे जगाच्या बाजारात ते दुर्मीळ नव्हे. (अमेरिकेत गेलेल्या पुष्कळांची तर .४५ ची काडतुसे बसावीत म्हणून चक्रे मागून तासली गेली. संग्राहक अशी प्रत पाहून हळहळतो.) आपल्याकडे त्याचे मोल वाढते ते परवान्याच्या कुंपणामुळे, आणि त्या मोलाला दुर्मिळता म्हणणे आम्हांला पटत नाही. पारखी आधी पाहतो ते मूळचा काळसर मुलामा शाबूत आहे का, चौकटीवरचा आणि चक्रावरचा क्रमांक एक आहे का, आणि शिक्क्यांच्या कडा धारदार आहेत का. इथे क्रमांक जुळत होते. पण मागच्या कोणा हौशी पिढीने त्यावर निकेल चढवून घेतले होते. पोथी 'शुद्ध' करून उतरवणारा लेखनिक असाच असतो. हेतू निर्मळ, आणि मूळ पाठ मात्र कायमचा गेला. घासताना कडा बोथट झाल्या होत्या, अक्षरे पुसट.

तरी भिंगाखाली चौकटीच्या उजव्या बाजूस वर्ष लागले: १९१८.

आम्ही भिंग खाली ठेवले आणि काही वेळ बोललोच नाही. कागदपत्रांशिवायची कथा बाजारात किमतीत एक पैची भर घालत नाही, हे सांगणे सोपे होते. पण काकांनी किंमत विचारलीच नव्हती. त्यांना दुजोरा हवा होता. पाठचिकित्सेत प्रक्षिप्त ओवी कंसात टाकताना आमचा हात कधी थरथरला नाही. तिथे ओवीचा नातू समोर बसलेला नसतो.

शेवटी सांगितले. काकांनी ते हातात घेतले, शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मग अठरा साली ते होते कुठे?"

कानपूरचे रिव्हॉल्व्हर जमा झाले. मुलाने वाद घातला नाही. पणजोबांच्या पलटणीचा एखादा कागद सापडतो का, हे शोधायचे काम आता आमच्या गळ्यात आहे, आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी अजून उघडायची आहे.