तिसरी बंदूक

आमच्या घरीं तीन बंदुका होत्या. २०१९ च्या डिसेंबरांत हत्यारांच्या कायद्यांत दुरुस्ती झाली आणि एका परवानेदारानें दोहोंपेक्षां अधिक बंदुका बाळगूं नयेत, तिसरी असेल तर ती वर्षाच्या आंत पोलीस ठाण्यांत किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करावी, असें ठरलें. ऐंशी ओलांडलेल्या, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेल्या आणि गेल्या अर्ध्या शतकांत एका पांखरावरहि बार न टाकलेल्या मनुष्यास ह्या हुकुमाचें दुःख व्हावें, हें वाचकांस हास्यास्पद वाटेल. घरच्यांसहि तसेंच वाटलें. "तिन्ही देऊन टाका, कोळिष्टकें तरी जातील," असें सूनबाई म्हणाली.

पहिली बंदूक आजोबांची, ठासणीची. तिचा बार भरायचा म्हणजे आधीं दारू, मग चिंधी, मग छर्रे, पुन्हां चिंधी, वरून ठासणी आणि शेवटीं टोपी. एवढा सोपस्कार होईपर्यंत ससा आपल्या घरीं जाऊन झोंपत असला पाहिजे. आमच्या आठवणींत ती एकदांच उडाली, आणि तीहि दिवाळींत. पण तिचा परवाना आजोबा देव्हाऱ्याशेजारीं ठेवीत. पनवेलच्या मुलखांत परवान्याला एक जुना कडवट वास आहे. इंग्रजांनीं १८७८ सालीं हत्यारांचा कायदा केला, आणि पुढच्याच वर्षीं आमच्या गांवापासून अडीच कोसांवरील शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनीं बंड केलें. आजोबांच्या तरुणपणीं परवाना मागावयास गेलें कीं अंमलदार अर्ज वाचण्यापूर्वीं अर्जदाराच्या तोंडाकडे टक लावून पाही, असें ते सांगत.

दुसरी तात्यांची दुनळी, बारा बोअरची, बाहेरच्या घोड्यांची. कोंकणच्या पावसांत कागदी काडतुसें फुगत व नळींत शिरत नसत. म्हणून तात्या तीं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत झांकणाला मेण लावून ठेवीत. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत दर रविवारीं नळ्यांतून तेलाचा बोळा फिरे. कर्नाळ्याच्या पायथ्याशीं पहांटे आम्ही बापलेक दंवानें भिजलेल्या कुड्याच्या झुडपांआड बसूं. डोंगराचा तो आंगठ्यासारखा सुळका हळूहळू उजळे, कोठें तरी रानकोंबडा आरवे, आणि तात्या ओठांवर बोट ठेवीत. तें बोट आम्हांस आजहि दिसतें. कोंबडा पडला कीं उडून गेला, तें आठवत नाहीं. १९६८ सालीं कर्नाळ्यास पक्ष्यांचें अभयारण्य झालें आणि दुनळीची ती वाट बंद झाली. आमच्याच कुलाबा जिल्ह्यांत, किहीमला, सालिम अलींनीं सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. त्यांच्या पक्षिविद्येचा आरंभहि लहानपणीं हवेच्या बंदुकीनें पाडलेल्या एका चिमणीपासूनच झाला होता. ते चिमणीपासून निघून कोठच्या कोठें गेले! आम्ही चिमणीपासून निघालों ते सांबरापर्यंतच पोहोंचलों.

तिसरी रायफल; आणि खरें सांगायचें तर प्रीति हिच्यावरच. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याची, .३१५ ची. लष्कराची .३०३ ची गोळी सामान्य माणसाच्या हातीं पडूं नये म्हणून इंग्रजी अमदानींत तो बोअर प्रजेस मना होता. तेव्हां कारखानदारांनीं त्याच धाटणीची, पण निराळ्या गोळीची ही रायफल काढली. आम्हीं ती १९६१ सालीं मुंबईस फोर्टांतील एका दुकानांतून जुनीच घेतली. अक्रोडाच्या दस्त्याला गाल लावला, माशी स्थिर झाली, कीं आपण कोणी तरी आहों असें वाटे. बोल्ट ओढतांना होणारा तो दुहेरी खटका ऐकावयास आम्ही रात्रीं दिवा मालवून उगीचच ती चालवीत असूं. तिचा नंबर आम्हांस आजहि तोंडपाठ आहे.

अर्थात् ठासणीची द्यावी, रायफल ठेवावी, असें सर्वांचें मत पडलें. तें आम्हांस कां पटलें नाहीं, हें सांगण्यासाठीं १९६४ च्या पौषांत जावें लागेल.

प्रबळगडाच्या पायथ्याच्या रानांत हाका होता. हाक्याची सारी मांडणी म्हातारबा कातकऱ्याची. वारा कोठून वाहतो, जनावर कोणत्या घळींतून उतरेल, मचाण कोणत्या ऐनावर बांधावें, हें तो ठरवी. आम्ही फक्त चाप ओढीत असूं. म्हातारबा हें त्याचें नांव नव्हे. वयानें तो तेव्हां चाळिशींतला असावा. पण केंस लवकर पिकल्यामुळें सारे त्याला तसें म्हणत. खरें नांव काय, आडनांव काय, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. रायफलीचा नंबर पाठ करणाऱ्यास तेवढी उसंत मिळाली नाहीं.

दिवस कलतां कलतां घळीच्या पलीकडे, दोनशें यार्डांवर, एक सांबर क्षणभर आडवें उभें राहिलें. शेजारीं बसलेल्या म्हातारबानें मान हलविली. अंतर फार होतें आणि उजेड थोडा. पण हातांत आवडती रायफल असलेल्या सत्तावीस वर्षांच्या माणसाला दुसऱ्याची मान दिसत नाहीं. बार झाला. सांबर गुडघ्यांवर आलें, उठलें आणि जाळींत शिरलें. गवतावर रक्त होतें, आणि त्या रक्तांत चघळलेल्या पाल्याचा हिरवा अंश होता; गोळी पोटांत लागल्याची ती खूण. जखमी जनावर टाकून जाऊं नये, हा शिकाऱ्याचा पहिला नियम आम्हीं कितीकांस शिकविला होता! परंतु दुसऱ्या दिवशीं आम्हांस मुंबईस कचेरींत हजर राहणें भाग होतें. माग काढावयास म्हातारबास सांगून आम्ही डोंगर उतरलों.

पुढच्या रविवारीं तो मागील दारीं आला. खांद्यावर शिंगें होतीं. "तिसऱ्या दिशीं गावलं, भाऊ. दोन दिस जित्तं होतं. गिधाडांनी काय ठिवलं नाय." आम्हीं त्याच्या हातावर दोन रुपये ठेवले. शिंगें ओसरीवर चढलीं. पाहुणे येत, रायफलीची तारीफ होई, आणि दोनशें यार्डांचे अडीचशें करून आम्ही ती गोष्ट सांगत असूं. मात्र मध्यरात्रीं जाग आली कीं दोन दिवस जित्तं राहिलेलें तें जनावर ओसरीवरून आंत येई. १९७२ सालीं वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हां आम्हीं रायफल खुंटीला टांगली आणि मनांतून सुटल्यासारखें वाटलें. लोक त्यास त्याग म्हणाले. आमचा छंद गेला होता, म्हातारबाच्या वाडीचें कालवण. पण त्याला त्यागी म्हणावयास कोणी गेलें नाहीं.

असो. २०२० च्या नोव्हेंबरांत, तोंडाला पट्टी बांधून, आम्ही रायफल घेऊन ठाण्यांत गेलों. नंबर वाचण्यासाठीं हवालदारानें ती उजेडाकडे फिरविली, तोंच आम्हीं तो म्हणून दाखविला. "मुलांच्या जन्मतारखा तरी इतक्या पाठ आहेत का, आजोबा?" तो हंसून म्हणाला. नव्हत्या. पावती खिशांत घालून पायऱ्या उतरतांना म्हातारबाचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, ही गोष्ट इतक्या वर्षांनीं प्रथमच टोंचली.

त्याच महिन्यांत नातवाच्या मोटारींतून वाडीवर गेलों. वाटेवरच्या इमारतींमुळें आम्हांस दोनदां रस्ता विचारावा लागला. म्हातारबास जाऊन तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. त्याचा नातू वीटभट्टीच्या कामावर निघण्याच्या बेतांत होता. त्यानें बाज टाकली, पाणी दिलें. आजाचें नांव सांगितलें, आडनांव सांगितलें. आम्हीं तें वहींत लिहून घेतलें. मग राहवेना, म्हणून त्या सांबराची हकीकत, दोन दिवसांच्या यातनांसह, त्यास सांगितली व आपली चूक कबूल केली.

तो आमच्याकडे पाहतच राहिला, आणि मग मोठ्यानें हंसला.

"ते सांबर होय, काका? ते आमच्या वाडीत अजून सांगतात. आज्याला ते त्याच रात्री गावलं. कोयत्यानं लगेच संपवलं त्यानं. सगळी वाडी चार दिवस जेवली. तुम्ही वाटा मागाल म्हणून तुम्हांला गिधाडं सांगितली."

रायफल ठाण्यांत जमा झाली होती. पावती आमच्या खिशांतच होती.

"आणि मजुरी काय दिली होती तुम्ही त्याला?" त्यानें विचारलें.

"दोन रुपये."

"म्हणजे ते वर मिळाले!" असें म्हणून तो पुन्हां हंसला, आणि दारांतून आंत डोकावून ती गोष्ट त्यानें आपल्या बायकोस सांगितली.