बिनदुधाची कॉफी

यकृताचा मोठा भाग काढायचा म्हटलं, की तंजावर, मन्नारगुडी, पापनाशमकडचे कितीतरी रुग्ण चेन्नईची गाडी धरतात. कावेरीच्या या मुलखाला यकृताच्या शस्त्रक्रियेचं अप्रूप नाही. १९९७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात पाच दिवसांच्या बाळावर यकृत प्रत्यारोपण करणारे डॉ. मोहम्मद रेला मयिलादुतुरैजवळच्या किळियनूरचेच. अप्रूप वाटतं ते आमच्या पाण्याच्या पेल्याचं.

मी भूलतज्ज्ञ. ‘रात्री बारानंतर तोंडात काही नाही’ हा दंडक लोकांत इतका मुरलाय, की शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी प्या म्हटलं की नातेवाईक दचकतात. हलक्या खाण्याला सहा तास, नितळ पेयाला दोन. उगाच उपाशी ठेवलं तर शस्त्रक्रियेनंतर रक्तातली साखर आवरणं जड जातं. कुंभकोणमची डिग्री कॉफी घट्ट दुधाची, म्हणून ती सहा तासांच्या यादीत, काळी चालते. हे ऐकून एक शेतकरी आजोबा म्हणाले, “डॉक्टर अम्मा, त्यापेक्षा उपाशीच बरा.”

डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्णाला उगाच उपाशी, झोपून न ठेवता लवकर सावरू देण्याचा हा विचार मांडला. यकृतासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ साली आली. माझी कसोटी यकृत कापताना. त्याच्या शिरांतला दाब वाढला तर कापलेल्या जागेतून रक्त झिरपतच राहतं. म्हणून तुकडा सुटा होईपर्यंत सलाईन हात आखडून द्यायचं, रक्तदाब औषधावर तोलून धरायचा आणि मग तूट भरून काढायची. वेदनाशामकांचंही तसंच. औषध पचवणारं इंद्रियच निम्मं झालेलं. मॉर्फीन नेहमीच्या मापानं दिलं तर माणूस दुसऱ्या दिवशी गुंगीतच. त्याऐवजी पाठीच्या कण्यातून एकच छोटा डोस, जखमेच्या कडेनं बधिरीचं औषध, पॅरासिटामॉल बेतानं. नाकातली नळी सरसकट ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी पेशंटला खुर्चीत बसवून इडली देतो, दोन पावलं चालवतो. “टाके तुटतील हो!” म्हणत बायको आडवी येते. तिलाच त्याचा हात धरायला लावलं की काम सोपं होतं.

या पद्धतीचं यश बरेच जण रुग्ण किती दिवसांत घरी गेला यावर मोजतात. तिथे माझं सहकाऱ्यांशी जमत नाही. पित्ताची गळती कधीकधी आठवड्यानं उघडकीला येते, उरलेलं यकृत दमतंय हेही दोन-चार दिवसांनीच दिसतं. ज्याचं घर इथेच चेन्नईत, अडयारला आहे त्याला पाचव्या दिवशी खुशाल सोडा. ज्याचं घर तीनशे किलोमीटरवर, शेवटची बस चुकली की संपलं अशा गावात, तो चालता-खाता झाला तरी मी त्याला हॉस्पिटलजवळच्या लॉजवर आणखी काही दिवस थांबवते आणि रक्त तपासून मगच गाडीत बसवते.

निघताना बायकोला आणि मुलाला वेगवेगळं विचारते: ताप आला तर? पोट फुगलं तर? दिवसा झोप आणि रात्री जाग असं सुरू झालं तर? डोळे पिवळे दिसले तर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा एकच येतं: कीळानेल्ली, म्हणजे आपली भुईआवळी, वाटून ताकातून द्यायची. काविळीवरचा हा घरोघरचा उपाय. रागावून उपयोग नसतो. रागावलं तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत. मी एवढंच म्हणते, आधी फोन करा, पाल्याचं नंतर बघू. नंबर मुलाच्या मोबाईलमध्ये असतोच. बायकोसाठी तो औषधांच्या पिशवीवर ठळक लिहून देते, कारण मुलगा चार दिवसांत तिरुप्पूरला कामावर परततो.